पांढरफळी

होटगीकडच्या माळावर बिराप्पाने दाखवली.
लांबून हेकळच वाटते.
हेकळीचा काटा पानाच्या बगलेतून निघतो, म्हणाला,
हिची फांदीच पुढं जात जात काटा होते.
बोट लावून बघा.
लावलं. टोचलं. मग कळलं.

पानं शर्टाच्या बटणाएवढी, पाठीकडून फिक्की.
फळं भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखी,
पांढरी, जवळजवळ आरपार.
आधी गोड, मग जिभेवर तुरट.
वरच्या फांद्यांना तेवढी होती,
खालची शेळ्यांनी ठेवली नव्हती.

बिया डब्याच्या झाकणात घरी आणल्या.
राखेत चोळल्या. दुधाच्या पिशव्यांत मुरूम भरला.
काळी माती मुद्दाम नाही, तिच्यात पाणी तुंबतं.
अकरांतली एक उगवली.
गेटाच्या उजव्या हाताला लावली.

तीस वर्षं लूमवर टॉवेल काढले मी,
तुटलेला धागा लाईट गेली तरी बोटांना सापडायचा.
इथं काहीच सापडेना.
तिसऱ्या वर्षी फुलली,
हिरवट-पिवळी फुलं, दिसली तर दिसली.
माश्या आल्या, मुंग्या आल्या,
फळ एक नाही.
चौथ्या वर्षीही तेच.
खत घातलं. पाणी तोडून बघितलं.
एकदा रागाने कात्रीच चालवली.
समोरच्या नरसूबाई ओट्यावरून म्हणाल्या,
दारात काटे कशाला पोसायलाव ओ?

बिराप्पा तंबाखू मळत हसला.
गडी आहे तो.
ह्यांच्यात गडी वेगळा, बाई वेगळी.
उगं त्याच्यावर चिडायलाव.

चार वर्षं मी त्याला 'ती' म्हणत होतो.
म्हणजे या घरात
आम्ही दोघेही गडीच.

त्या संध्याकाळी कापलेल्या फांद्यांपाशी
जरा वेळ उभा राहिलो.
बोललो काही नाही.

यंदा पाण्याच्या मीटरमागे,
विजेच्या तारेखाली, जिथं बुलबुल बसतो
आणि भिंत घाण करतो,
एक कोंब आलाय. मी लावलेला नाही.
कुठून काय खाऊन आला होता, त्यालाच माहीत.
पान गोल. पाठीकडून फिक्कं.
फुलल्याशिवाय कोण ते कळत नाही,
म्हणजे अजून दोन-तीन वर्षं.

तेलाच्या डब्याचा तळ कापून
त्याच्याभोवती उभा केलाय, शेळ्यांसाठी.
सकाळी वाकून बोट लावून बघितलं.
टोक अजून मऊ आहे.