जाड कागद

राजदूत बाबांची.
मागं दुधाच्या कॅनचे हुक अजून आहेत,
बाबांच्या गुडघ्यात मात्र ती लाथ उरली नाही.
वडणग्याहून निघाले की हल्ली शिवाजी पुलावर
ती माझ्या हातात खोकते आणि बसते.

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागल्या बोळात
आप्पालाल मोमीनचं शेड.
"नवा कार्बोरेटर?" तो हसतो.
"कंपनीच मातीत गेली, पार्ट कुठनं आणू?"
आणि उघडतो तिला एका परातीत,
कणीक मळायची जुनी परात,
काठावर कोरलंय: जैबुन आप्पालाल मोमीन.

पितळी फ्लोट माझ्या कानाशी धरून हलवतो.
"तू ऐक. माझं कान ऱ्हायल्यात कुठं?"
बत्तीस वर्षं शेजारी पॉवर हॅमर.
मी ऐकते.
आत घोटभर पेट्रोल डुचमळतंय.
ज्यानं तरंगायचं, तोच प्यायलाय.

चहाच्या पातेल्यात गरम पाणी, त्यात फ्लोट.
बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येते
आणि भोक सापडतं, मोहरीपेक्षा लहान.
तो डाग देतो. एवढासाच.
डागानंही वजन वाढतं म्हणतो,
म्हणून मग जीभ थोडी वाकवायची.

जेटमध्ये तार घालायची नाही. भोक मोठं होतं,
मग गाडी जन्मभर पीतच राहते.
त्याच्याकडं घोड्याच्या शेपटीचे केस आहेत,
रंकाळ्यावरच्या घोडागाडीवाल्याकडून आणलेले,
विड्यांच्या डब्यात, गुंडाळून.

राहिलं गॅस्केट.
त्यासाठी मी एक गठ्ठा आणला होता.

पत्रिका. दोनशे छापल्या, दोनशे उरल्या.
सोनेरी किनार, गोरज मुहूर्त,
कुणाचं नाव कुणाच्या नावाशेजारी.
मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी,
सुरुवातीपासून, त्या फोनपर्यंत,
हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडाला तिथपर्यंत.
बाहेर साचे फोडत होते, धाड धाड,
आणि तो माझ्या ओठांकडं न बघता
एक पत्रिका अंगठ्यानं चोळत होता.

"जाड हाय कागद," म्हणाला. "झ्याक."

मग कार्बोरेटरच्या काठावर पत्रिका धरून
गोल डोक्याच्या हातोडीनं टकटक,
जिथं धार लागेल तिथं कागद तुटत जातो.
'आमचे येथे श्रीकृपे' एवढं राहिलं,
'करून' भोकात गेलं.
वधू-वर दोघेही जमिनीवर, लोखंडाच्या किसात.
वरून लाइफबॉय चोळला दोन्ही अंगांनी
आणि चार स्क्रू आवळले, तिरप्या क्रमानं.

मी किक मारली. तिसऱ्याला धरली.
आप्पालालनं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक कार्बोरेटरला टेकवलं, मूठ दातांत धरली,
डोळे मिटले.
दुसऱ्या हातानं हवेचा स्क्रू पाव फेरा मागं,
केसभर पुढं, परत मागं.
कवटीत ऐकत होता तो माझी गाडी.
"हां," म्हणाला. दात सोडले.
पैसे घेतले पन्नास. पत्रिका ठेवून घेतल्या.

आता बावड्याचा दूधवाला, फुलेवाडीचा भंगारवाला,
तालमीतल्या वस्तादाची येझदी,
सगळ्यांच्या पोटात माझ्या लग्नाचा एकेक तुकडा.
गंगावेशीत धूर सोडत एखादी थांबली
की मी खाली वाकून बघते.
सोनेरी किनार कधीकधी डोकावते खरंच.

काल परत थेंब गळाला. गेले.
"दुसरं कापतो," म्हणाला. "शिल्लक किती हायत, बघ की."
मी मोजल्या. टाकीवरच्या धुळीत बोटानं लिहिलं:
एकशे साठ.
त्यानं चष्मा वर करून वाचलं.
"मग काय," म्हणाला, "माझ्या हयातीला पुरत्यात."