सात सेकंद

आमच्याकडे शांततेचा दर ठरलेला आहे.
सात सेकंदांपर्यंत फुकट,
त्यापुढे गुण कापतात.
तिला म्हणतात डेड एअर, मेलेली हवा.
ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
ग्राहक गप्प असेल तर तुम्ही बोला,
हवापाणी विचारा, आडनावाचं कौतुक करा,
पण हवा मरू देऊ नका.

मी रिझालिन. फोनवर क्लेअर.
बाकोलोदमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, रात्री दहा ते सकाळी सात
मी घर गरम ठेवणाऱ्या यंत्राची वाढीव हमी विकते.
असलं यंत्र मी जन्मात पाहिलेलं नाही.
त्याचे चौदा भाग मात्र मला पाठ आहेत,
आईला संतांची नावं पाठ असतात तसे,
एका दमात, अर्थाच्या वाटेला न जाता.

त्या दिवशी साडेसहा वाजले होते.
हेडफोनचा स्पंज ओला होता,
स्पिरिटने की आधीच्या पाळीतल्या कुणाच्या घामाने, देव जाणे.
पडद्यावर आलं: हालस्टेड, व्हर्नन. ब्रँडन, मॅनिटोबा.
वय एक्क्याऐंशी. उणे सत्तावीस.
(उणे सत्तावीस म्हणजे तिथलं तापमान.
झोपेच्या तारेत मी ते वयातून वजा करायला निघाले होते.)

"थांब हं पोरी, चष्मा आणतो," म्हणाले
आणि फोन टेबलावर ठेवला.

खुर्ची सरकली.
फरशीवर नखं वाजली, कुत्र्याची असणार.
नळ खोकला, वाहिला, थांबला.
कपाट उघडलं. चष्मा कपाटात कशाला असेल?
चष्मा नव्हताच तो, डबा होता,
झाकण टरकावल्याचा आवाज आला
आणि मला कळलं, म्हातारा मला विसरला.

नियम असा की तीनदा विचारायचं,
हॅलो सर, आहात का, आणि मग कापायचं.
मी एकदाच विचारलं,
तेही शेजारी कुणी निजलं असावं इतकं हळू.
मग आवाज वाढवला. माझा नाही, त्यांच्या स्वयंपाकघराचा.

काहीतरी उतू गेलं, चर्र झालं, एक शिवी आली,
शिवीमागोमाग कुत्र्याची माफी.
चमचा, वाटी, चमचा.
मधेच ते कुत्र्याला सांगू लागले,
"बाई बरी होती बोलायला.
पण आपल्याला काय करायचंय, हो की नाही?
आपलं यंत्र आपल्यापेक्षा जास्त टिकेल."

म्हणजे मी आठवत होते. फोन तेवढा आठवत नव्हता.

आणि तेव्हा खाली कुठेतरी, जमिनीच्या पोटातून,
एक गुरगुर सुरू झाली.
आधी वाटलं आमचा जनरेटर.
नाही. ते होतं.
चौदाच्या चौदा भाग एकदम, एकाच श्वासात,
आणि त्यातला एकही
मला वेगळा ओळखता येईना.

दिव्याचं बटण वाजलं. पावलं गेली, नखं गेली.
ते चालूच राहिलं. मीही.

जेरिकने मागून हात घालून कॉल कापला.
फॉर्मवर लिहून आलं: शांतता, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. कारण?
मी लिहिलं: ग्राहक घरी होता.
"हे काय कारण झालं?"
मग खोडून तांत्रिक बिघाड लिहिलं, खाली सही केली.

घरी आले तर माझाच फोन वाजत होता.
"गुड मॉर्निंग मॅम, फक्त दोनच मिनिटं!"
क्रेडिट कार्ड. आवाज कोवळा,
हसू कुठे चिकटवायचं ते नुकतंच शिकलेला.
"थांब हं, चष्मा आणते," म्हटलं. मला चष्मा नाही.
फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला,
चहाचं आधण टाकलं,
शेजाऱ्याचा झुंजीचा कोंबडा आरवला,
आतून आईने विचारलं, "कोण आहे गं?"

वळून पाहिलं तर कापलेला.
सहा सेकंद.
तयारीची आहे पोरगी. टिकेल.