बुशहरचा लेफ्ट-इन

तारऑफिसातला एझ्रा चेऊलकर आमचा लेफ्ट-इन.
मैदान खारट, गवत नाही.
गोल म्हणजे रॉकेलचे डबे, दोन इकडं, दोन तिकडं.
चेंडू फुटला की मुंबईची बोट येईतो
सुतळी गुंडाळलेलं बूच.

बारा साली साहेबांच्या टीमवर त्यानं तीन गोल चढवले.
सोमवारपासून रात्रपाळी.
सहा महिने.

शनिवारी तो स्टिकला शिवायचा नाही.
शब्बाथ.
रेषेबाहेर उभा राहायचा, मनगटं तेवढी
आपोआप वळायची.

गुडघा गेला, तेव्हा अलिबागला तार करायची होती.
शब्दामागे पैसे.
बराच वेळ पेन्सिल धरून
त्यानं एकच लिहिला: खुशाल.

कळ मी दाबली.
टेबलाखाली त्याचा पाय
ताठ, पुढं आलेला.
चेंडू लागता तर फाउल होता.