दीडशे सेंटिमीटर

क्लबच्या भिंतीत खिळा सहजी शिरत नाही.
"सोव्हिएत सिमेंट," म्हणते एतेरी,
आणि केसांतला चुना झटकते.

नुगझारचे चौदा फोटो जमिनीवर,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे
तोंड भिंतीकडे करून.
तीस वर्षं खाणीचा रोपवे चालवला त्याने,
कॅमेरा जेवणाच्या पिशवीत.

"फोटोचा मध्य जमिनीपासून दीडशे सेंटिमीटर,"
त्बिलिसीहून आलेला मुलगा टेप धरून सांगतो,
"तिथे माणसाचे डोळे असतात."

संध्याकाळी वाईन होती, चीजची गरम भाकरी होती.
छायाप्रकाशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
ही आमची ट्रॉली. हा वालिकोचा कुत्रा.
अरे, हा वाळत घातलेला गंजीफ्रॉक तर माझाच!

मग रामाझ आला, चाकांच्या खुर्चीत,
ज्याचे दोन्ही पाय खाणीतच राहिले.
सातव्या फोटोखाली थांबला.
मान वर. काचेत नुसती ट्यूबलाइट.

नुगझारने फोटो उतरवला,
बाहीने पुसून त्याच्या मांडीवर ठेवला.

पहिल्या पाळीचे सहाजण, काजळलेले, हसताहेत.
सगळ्यात उंच जो, त्याचं डोकं
चौकटीत मावलेलंच नाही.

"हा मी," रामाझ म्हणाला.
"बूट बघ."