वाट न पाहता

ऐरोली, सेक्टर तीन. साडेदहा वाजून गेलेत,
आता पल्स स्वस्त.
तोवर मी नुसत्या कॉन्फिगरेशनच्या फायली वाचत बसलो होतो.

आतला मोडेम कधीच माळ्यावर गेला.
विंडोजशिवाय त्याला तोंडच फुटेना,
साडेसहाशे रुपये पाण्यात.
हा बाहेरचा, जाड केबलचा,
कपिल सातघरेने बदली होऊन जाताना दिलेला.
लाल दिवे आठ. त्यातले तीन मला कळतात.

डायल करतो.
आत टिक होतं, जीभ टाळ्याला लावून काढल्यासारखं,
मग काही नाही,
मग काळ्यावर पांढरं: नो डायलटोन.

रिसीव्हर उचलून कानाला लावतो.
आहे की!
शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तसा, अखंड.
मला ऐकू येतो, त्याला येत नाही.
आता साक्ष कुणापुढे काढायची?

आई म्हणते, फोन मोकळा ठेव रे, कुणाचा आला तर.
कुणाचा, ते म्हणत नाही.
मार्चपासून आलेला नाही.

स्पीड उतरवला. केबल बदलली.
पोर्टचा नंबर शून्याचा एक केला, एकाचा शून्य.
लॉग उघडा ठेवून बसलो,
दर दीड मिनिटाला तीच ओळ खाली उतरायची
आणि आधीची तीच ओळ वर सरकायची.

गुरुवारी लाइनमन मढवी आले.
जिन्याखालची पेटी उघडली,
तांब्याची तार काढून दाखवली, हिरवी पडलेली.
"खारा पानी," म्हणाले. "हितं खाजन व्हता, आमचाच.
तुमचा जिना हाय ना, थितं उघाडी व्हती.
शिडकोनी भराव टाकला, पन पानी वाट इसरत नाय."
तार कातरली, नवीन पिळ दिला, वर चिकटपट्टी.

मग माझ्या खुर्चीमागे उभं राहून
त्यांनी मोडेमचं एक टिक ऐकलं.
"याचे कान भायेरचे हायेत. आपला टोन याला टोन वाटत नाय.
याला सांग, आयकू नको. फिरव."
चहा अर्धाच घेतला आणि गेले.

मॅन्युअलच्या एकाहत्तराव्या पानावर, बारीक अक्षरात:
एक्स थ्री. टोनची वाट न पाहता डायल करणे.
स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली.

त्या रात्री आधी शिट्टी आली,
मग पत्र्यावर खडी ओतल्यासारखं,
मग दोघंही एकदमच बोलायला लागले
आणि अचानक गप्प झाले,
भांडण मिटल्यावर घर होतं तसे.
लागला.

तरी एकही पान उघडेना.
आकड्याने हाक मारली की पलीकडून ओ येते,
नावाने मारली तर नाही.
हे मी आईला सांगितलं, उगाच, कौतुक म्हणून:
पत्ता आहे, रस्ता आहे, फक्त नाव कुठे विचारायचं
तेच याला कुणी सांगितलेलं नाही.
ती भांडी विसळत होती. नळ बंद केला.

आमच्याकडे आकडा कॅलेंडरच्या मागच्या पानावर आहे,
दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने.
नाव कुणी घेत नाही.

नेमसर्व्हरचे दोन आकडे टाकले आणि पहिलं पान
वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरायला लागलं.
अर्धं उतरलं असेल.
"झालं का तुझं?" आई दारात. हात ओलेच.
"मला एक फोन करायचाय."
मी लाइन सोडली.

तिने कॅलेंडर पाहिलं नाही.
रिसीव्हर कानापर्यंत पोचायच्या आतच बटणं दाबली,
शून्य, आठ, तीन, सहा, आणि पुढचे सगळे.
टोन होता की नव्हता,
कुणास ठाऊक.

माझ्या लॉगमध्ये शेवटची ओळ:
जोडणीचा वेळ सहा पूर्णांक सात मिनिटं.
तिच्या वेळेची नोंद बिलात आली,
एसटीडी, हुबळी, एकशे बेचाळीस पल्स.
बाबांनी बिल दोनदा वाचलं,
खिशाला पेन लावलं,
आणि भरून आले.