तीन ड्रॉपर

नायनाच्या सायकलला इंजिन होतं,
पस्तीस सीसीचं, जुनं, कुणाच्या तरी उधारीत आलेलं,
आणि त्याला एक खोड होती :
गेंट्याल चौकापर्यंत बडबडायचं,
पुढच्या पुलाच्या चढावर मुकं व्हायचं.

मग मागे टॉवेलांचं गाठोडं,
हँडलला भाकरी अन् शेंगाचटणीचा डबा,
मधे नायना,
पंचेचाळीसच्या पाऱ्यात
इंजिन असून पायानं.

"प्लग गेला बे, लिंगय्या," मस्तानसाब म्हणायचा.
पान्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवायचा, कोमट.
"काळा म्हंजे तेल जास्त झालंय,
पांढरा म्हंजे आत जळालाय,
चहाच्या रंगाचा निघाला की समज, सुखात आहे."
घरी येऊन मी हे सगळं अम्माला सांगायची.
ती काही बोलायची नाही.
तेंदूच्या पानावर कात्री जरा थांबायची,
पुन्हा चालायची.

मिल बंद पडली तेव्हा
पगार आत राहिला, फंड आत राहिला,
नायनाच्या खिशातून तीन ड्रॉपर बाहेर आले.
ड्रॉपर म्हणजे पोलादाची पातळ पट्टी.
ताण्याच्या धाग्याधाग्यावर एकेक लटकते.
धागा तुटला की ती पडते,
ती पडली की माग थांबतो.
एवढीच तिची नोकरी.
तिन्ही एकावर एक ठेवले
की बरोबर पॉइंट सहा,
प्लगच्या दोन टोकांमधली फट.
नायना त्या फटीत ते सरकवून बघायचा,
घासत जायला पाहिजेत, अडकायला नकोत,
"लग्नाच्या मांडवात जाडा पाहुणा शिरतो ना,
तसं," म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात सात प्लग झाले.
पॉलिश पेपरनं घासले, रॉकेलात बुडवले,
एक तर अम्माच्या स्टोव्हवर भाजला, शिव्या खाल्ल्या.
बाहेर काढून हेडवर टेकवला की
ठिणगी पडायची, निळी, चट्.
आत बसवला की चढावर गप्प.
जुने प्लग चटणीच्या रिकाम्या डब्यात जमत गेले,
डबा हलवला की दात वाजल्यासारखे वाजायचे.

मग एका रात्री लाईट गेली.
अख्ख्या गल्लीतले माग
एका दमात बंद.
पाळण्यातली पोरं दचकून उठली,
खटखटीत झोपणारी ती,
शांततेनं रडायला लागली.

नायना सायकल स्टँडवर लावून बसला होता.
मी कंदील आणायला उठले.
"नको," म्हणाला. का, ते त्यालाही माहीत नसावं.
अंधारातच पेडल मारत राहिला.
मी खाली, गुडघ्यावर हनुवटी.
प्लगकडे मी बघत नव्हते,
त्याच्याकडे बघून बघून डोळे विटले होते.
वायरीकडे बघत होते, उगाच,
चौकटीच्या नळीला जिथं ती घासून जायची तिथं.
तिथं रबरातून काहीतरी सांडत होतं.
निळं. मुंगीच्या पायाएवढं.

"नायना! अदिगो, अक्कड!"

तो वाकला, पेडल थांबलं, ते विझलं.
पुन्हा पायडलं, पुन्हा निळं,
पण वरून त्याला ते दिसेना.
शेवटी पेडलला मी हात लावला,
दोन्ही हातांनी फिरवलं, दात आवळून,
आणि नायना जमिनीवर आडवा पडून
स्वतःच्या सायकलीकडे
कितीतरी वेळ बघत राहिला.

सकाळी जुन्या ट्यूबची चकती कापून
वायरीला गुंडाळली, वर सुतळी.
मस्तानसाबनं डबा उघडून बघितला,
सातच्या सात प्लग चांगले.
"पैसे परत मागायचे नाहीत हां," म्हणाला,
आणि चहा स्वतःच्या खिशातून पाजला.

नायना निघाला.
अम्मा उंबऱ्यात विड्या मोजत होती,
सहाशे चाळीस, एक्केचाळीस...
आवाज चौकातून पुढे गेला,
चढाला लागला.
अम्माची बोटं थांबली.
आवाज बारीक होत गेला, बारीक,
पण तुटला नाही.

आकडा विसरली ती.
पुन्हा एकपासून मोजायला लागली.