दोन चाळीस

रोज नाही.
रोज असतं तर बरं झालं असतं,
रोजच्या दुखण्याला निदान नाव तरी मिळतं.
सलग चार रात्री गुणी मुलासारखा गाडी भरतो
आणि पाचव्या रात्री, दोन वाजून चाळीस मिनिटांनी,
टक् –
गॅरेजच्या भिंतीवरचा हिरवा ठिपका लाल.

ती टक् माडीवर ऐकू येणं शक्य नाही.
मला येते.

झोपायच्या कपड्यांवर पार्का, पायात बर्फाचे बूट,
कपाळावर टॉर्च. उणे सतरा.
खाली फियोर्ड, दिसत नाही, फक्त वास येतो मिठाचा.
ब्रेकर खाली करते, दहा आकडे मोजते, वर करते.
वायर काढते, टोकावर फुंकर घालते
(चूल आहे का ती?)
पुन्हा खुपसते.
ठिपका विचार करतो.
कधी मानतो. कधी नाही.

ॲप म्हणतं: जमीन सापडली नाही.

जमीन सापडली नाही!
या खडकात सुरुंग लावून सासऱ्यांनी जागा केली,
तीन उन्हाळे नुसते धोंडे वाहिले,
आणि चार वर्षांच्या या डबड्याला
जमीन सापडत नाही.

सकाळी सव्वासहाला पहिलं इन्सुलिन, टोरबियोर्गचं,
बोगद्यापलीकडे, सत्तावीस किलोमीटर.
मग जुळ्या भावांच्या पायांची पट्टी.
मग पेडर, ज्याला गोळ्या नको असतात,
फक्त माझी गाडी अंगणात वळताना बघायची असते.
बॅटरी एकोणीस टक्के.
हीटर बंद. मोजे दोन.
चढावर मी श्वाससुद्धा जपून घेते,
जणू त्यालाही वीज लागते.

इलेक्ट्रिशियन आयलिफ तीनदा येऊन गेला, भर दुपारी.
त्याच्यासमोर डबडं असं शहाणं,
डॉक्टर दारात दिसताच ताप उतरावा तसं.
"इथे तर सगळं ठीक आहे," तो म्हणतो,
आणि अठराशे क्रोनरचं बिल.
चार्जरवाले म्हणतात, गाडी दाखवा.
गाडीवाले म्हणतात, चार्जर दाखवा.
वीज कंपनी म्हणते, तुमच्या खोऱ्यातल्या तारा जुन्या वळणाच्या,
त्यांना हे नवं सोसत नसावं.
तिघांचेही हात आपापल्या कानांवर,
माझ्या कानाला तेवढी हेल्पलाइनची बासरी.

फेब्रुवारीतल्या एका रात्री ठिपका मानलाच नाही.
तेव्हा ओडमुंडचं दार वाजवलं.
आठ हिवाळे आम्ही बोललो नव्हतो:
त्याच्या ट्रॅक्टरने लोटलेला बर्फ,
माझी मोडलेली करंटची झुडपं,
आणि त्यावर मी जे बोलले, ते.
त्याने टॉर्च पाहिला, बूट पाहिले,
आत गेला. बराच वेळ आतच.
नारिंगी वायर घेऊन बाहेर आला.
त्याच्या गोठ्यापासून माझ्या गाडीपर्यंत
बर्फावर एक वाकडीतिकडी रेघ.
अंगुळभर चढेल इतक्या सावकाश
त्या साध्या प्लगातून गाडी भरायची,
पण भरायची.
"रात्रीचे पंचवीस क्रोनर," एवढंच म्हणाला,
वहीत तारीख घातली.
बरं वाटलं. उपकार असता तर पेलला नसता.

मार्चअखेर आयलिफ एकदाचा रात्री आला.
सापडलं: अर्थिंगचा स्क्रू, अर्धा आटा सैल.
गारठ्यात धातू आखडतो, स्पर्श सुटतो,
उजाडलं की पुन्हा जुळतो.
"एवढंच होतं," तो म्हणाला, जरासा ओशाळून.
बिल दिलं नाही.

आज एकविसावी रात्र, हिरवी.
दोन चाळीसला मी तरीही जागी.
खिडकीशी उभी राहून ठिपक्यावर पहारा देते.
हिरवा. हिरवा. हिरवा.
त्याचं काय सांगावं.

पलीकडे ओडमुंडच्या स्वयंपाकघरात दिवा आहे.
नारिंगी वायर अजून अंगणातच,
बर्फ वितळला तशी चिखलात बसलेली.
त्याने त्याचं टोक ओढलेलं नाही,
मी माझं सोडलेलं नाही.
वहीत शेवटचा आकडा: नऊशे पंचाहत्तर.
द्यायचे राहिलेत.
उद्या देईन म्हणते.
कालही असंच म्हटलं होतं.